तळ्याचे दार : डिचोली तालुक्यातल्या एका तळ्याचे आणि त्याच्या बागेचे प्रकरण

माणसाने बांधलेल्या तळ्याला दार असते. गोव्यात त्याला मानस म्हणतात. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतल्या, मानशी पुष्कळांनी पाहिलेल्या असतात, भरतीला मिटणाऱ्या आणि ओहोटीला उघडणाऱ्या. आमच्या डिचोली तालुक्यात खाडीपासून दूर, सड्याच्या पायथ्याशी गोड्या पाण्याची जी तळी आहेत, त्यांनाही मानस असते. ती भरतीने हलत नाही, माणसाच्या हाताने हलते. बांधाच्या पोटात चिऱ्याचे दोन खांब, खांबांना खाचा, खाचांत एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्यांच्या दोन ओळी, आणि त्या दोन ओळींच्या मध्ये ठासलेली चिकणमाती. वरची फळी काढली की तेवढेच पाणी जाते. सगळ्या काढल्या की तळे रिते होते.

ज्या तळ्याविषयी लिहितो आहे त्याचे हे दार सहा वर्षांपूर्वी काँक्रीट ओतून बुजवले गेले. तळ्याभोवती बाग होणार होती, आणि बागेतल्या तळ्यात बारा महिने पाणी दिसले पाहिजे असे ठरले होते. पुढे जे घडले ते क्रमाने लिहून ठेवतो आहे, कारण गावोगावच्या तळ्यांचे सुशोभीकरण अजून चालू आहे. एखाद्या ग्रामसभेत हा विषय येईल तेव्हा आमचा अनुभव कोणाच्या तरी हाताशी असावा. गावाचे नाव देत नाही. या भांडणात अबोला धरलेली घरे आता कुठे एकमेकांच्या चवथीला जायला लागली आहेत, ते तसेच राहू दे.

मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. बागेच्या ठरावाला ग्रामसभेत मीही हात वर केला होता.

तळ्याचे वर्ष

आधी हे तळे कसे चालत असे ते सांगायला हवे, कारण पुढचा सगळा बिघाड त्यातूनच समजतो.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. जांभ्याचा सडा पाणी शोषतो, पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने थोडे थोडे सोडतो, पण मार्चनंतर तोही आटतो. पूर्वजांनी दोन टेकड्यांमधल्या घळीचे तोंड मातीच्या बांधाने अडवले. पाण्याच्या अंगाला चिऱ्याचे दगड रचले, बाहेरच्या उतारावर गवत आणि केगदीची, म्हणजे केवड्याची, बने राखली. खाली शेते, शेतांच्या कडेने कुळागरे, म्हणजे सुपारी-माडांच्या बागा. पावसातले पीक सरद, पाऊस सरल्यावरचे वायंगण. सरदीला तळे लागत नाही. तळे आहे ते वायंगणासाठी.

तळे कधी भरायचे, ही यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. पहिला पाऊस पडला की कोणालाही वाटेल, आता दार मिटून पाणी धरावे. जुनी माणसे उलट करत. जून-जुलैत मानस सताड उघडी. पहिल्या पुरांबरोबर सड्यावरची सगळी धूप, पालापाचोळा, शेण, लाल माती खाली येते, आणि वाटेत अडवले तर तळ्यात बसते. म्हणून ते गढूळ पाणी तळ्यातून सरळ निघून जाऊ द्यायचे. चवथ झाली, पावसाचा जोर ओसरला, ओहोळाचे पाणी नितळ वाहू लागले, की फळ्या बसवायच्या. शेवटच्या पावसाचे स्वच्छ पाणी धरायचे. तेवढ्यात तळे भरते.

मग नोव्हेंबर-डिसेंबरात वायंगणाची पेरणी, जया किंवा ज्योती जातीच्या भाताची. पाटाने पाळीपाळीने पाणी. एकेक फळी निघत जाते आणि तळ्याची पातळी महिन्यामहिन्याने उतरते. ती उतरते तसा काठ उघडा पडतो, काठाचा चिखल बगळ्यांना, शराटींना, टिटव्यांना मिळतो. मार्च-एप्रिलात कापणी. त्यानंतर मासळीची पावणी, म्हणजे लिलाव. ज्याची बोली चढेल तो शेवटच्या फळ्या काढून मासळी धरणार, पैसे तळ्याच्या खात्यात. मरळ, थिगूर, खवळे. उरलेले डबके घळीच्या तोंडाशी, एका खोल कोंडीत, जून येईपर्यंत राहते. जूनमध्ये मानस उघडी असल्याने खालच्या ओहोळातून चढणीचे मासे याच वाटेने वर येतात, आणि तळ्यात पुन्हा बी पडते.

मे महिन्यात तळ्याचा तळ उन्हाने तडकतो. मग गाळ काढायचा. आठवड्याभराचे ते काम म्हणजे गावाची एक जत्राच असे. गाळ कुळागरात, माडांच्या आळ्यांत, शेतात जाई. बांधाला उंदरा-खेकड्यांनी पाडलेली बिळे याच दिवसांत दिसतात आणि चिकणमातीने बुजवता येतात. पाण्याखालचा बांध तपासायची दुसरी कोणतीही सोय मातीच्या बांधाला नाही.

आबा म्हणून आमच्याकडे एक वृद्ध शेतकरी होते, ज्यांच्या घराण्याकडे फळ्या बसवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या होते. ठरावाच्या सभेत ते एकच वाक्य बोलले होते. "तळें रितें करिनासतना तें जिवें उरना." रिते केल्याशिवाय तळे जिवंत राहत नाही. आम्हाला ते म्हाताऱ्या माणसाचे जुन्या रीतीवरचे प्रेम वाटले. पुढे सहा वर्षांत मी हे वाक्य रसायनशास्त्रातून, जीवशास्त्रातून आणि बांधकामशास्त्रातून तीनदा तपासले. तिन्ही वेळा ते खरे निघाले.

बाग का हवी होती

बागेची मागणी खोटी नव्हती, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. सुशोभीकरणावर लिहिणारे बरेच जण ही बाजू दोन ओळींत उरकतात.

आमच्या गावातून जाणारा रस्ता खनिजाच्या ट्रकांचा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, नंतर थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, पण त्या रस्त्यावर संध्याकाळी चालायला जावे अशी सवय कोणाला उरली नव्हती. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बायकांना डॉक्टर सांगत, रोज चाला. चालायचे कुठे? मुलांना खेळायला देवळासमोरचे पटांगण, तेही लग्नसराईत मांडवाने भरलेले. मये गावचा तलाव आमच्यापासून लांब नाही. तिथे पर्यटकांसाठी बोटी आहेत, काठाने चालता येते, रविवारी माणसे जमतात. सभेत जो तो म्हणे, मयेसारखे आपल्याकडेही करूया. एका वहिनीने विचारले होते, "आम्हांला बसायला एक बाक मिळायचा असेल तर त्यात कोणाचे काय बिघडते?" त्यात कोणाचेच काही बिघडत नव्हते. तळ्याकाठी बाक असायला हवा होता आणि आजही तो आहे.

दुसरे कारण शेतीचे. बांधाखालची निम्मी शेते पडीक होती. खाणीच्या दिवसांत तरुण ट्रकवर गेले, मजुरी वाढली, वायंगण करणारी घरे मोजकीच उरली. तळ्याच्या पाण्याला गिऱ्हाईकच नाही तर ते सोडायचे कशाला, हा प्रश्न रास्त होता. गाळ काढण्याचा आठवडाही बंद पडून बराच काळ लोटला होता. म्हणजे काँक्रीट ओतण्याआधीच ते दार अर्धे मिटलेले होते.

जे बांधले गेले

योजना सरकारी होती, आराखडा बाहेरून आला, काम कंत्राटदाराने दोन उन्हाळ्यांत केले. तळ्याच्या तीन बाजूंना पाण्यातून सरळ उभी काँक्रीटची भिंत, वर लोखंडी कठडा. बांधाच्या माथ्यावर फरशीचा पदपथ. गवत आणि केगद काढून शोभेची झाडे. मध्यभागी कारंजे, काठाने दिवे, मुलांसाठी घसरगुंडी आणि झोपाळे. मानशीच्या जागी ठोस काँक्रीट. जादा पाणी जायला एक सांडवा, पूर्वीच्या भरलेल्या पातळीच्या वर.

निविदेची प्रत मी नंतर मिळवून वाचली. त्यात कठड्याच्या रंगाचे कलम होते. गाळाचे नव्हते, मानशीच्या देखभालीचे नव्हते, आणि तळे कोणासाठी बांधले होते याचा शब्दही नव्हता. आराखडा करणारा माणूस वाईट नव्हता. त्याने तळे भरलेल्या अवस्थेत, पावसाळ्यानंतर पाहिले आणि तेच त्याचे खरे रूप धरले. मे महिन्यात तो आला असता तर त्याला गुरे चरणारा, तडकलेला तळ दिसला असता आणि कदाचित त्याने वेगळा विचार केला असता.

उद्घाटनाला सगळा गाव होता. पहिले वर्ष फार सुंदर गेले. संध्याकाळी दिवे पाण्यात उतरत, आणि वहिनी रोज चार फेऱ्या मारत.

बिघाड

पहिली गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. जूनचे पाणी लाल येते. आमच्या वरच्या अंगाला खाणीच्या मातीचा जुना ढीग आहे, लोक त्याला डंप म्हणतात; त्याच्यावर झाडे लावलेली आहेत तरी पहिल्या सरींना तो थोडा धुपतोच. मानस असताना हे पाणी निघून जात असे. आता ते सगळे तळ्यात थांबले आणि माती सावकाश खाली बसली. दर डिसेंबरात मी मुलांना घेऊन तीन ठरलेल्या जागी बांबू बुडवून खोली मोजत असे, वर्गातल्या प्रयोगासाठी. उद्घाटनानंतरच्या तिसऱ्या डिसेंबरात कोंडीच्या जागी बांबू सहज टेकला. तळ वर येत होता.

दुसरी गोष्ट सगळ्यांनी पाहिली. पाण्यावर हिरवी वेल पसरली. ती साल्व्हिनिया, मूळ ब्राझीलची तरंगती पाणनेचे. तिला बी लागत नाही, तुकड्यातून वाढते, आणि खतावलेल्या कोमट पाण्यात आठवड्याच्या आत दुप्पट होते. पंचायतीने माणसे लावून जाळ्यांनी ती ओढली. ओढताना तुटली, तुकडे राहिले, महिन्याभरात पुन्हा हिरवी गोधडी. केरळात १९८० च्या दशकात याच वेलीवर तिच्या मायदेशचा एक बारीक सोंडकिडा सोडून मोठे यश मिळाले होते. आम्हीही ती चौकशी केली. पण आबांनी आठवण दिली, अशी वेल त्यांच्या तरुणपणी एकदा खालच्या गावच्या तळ्यात आली होती आणि एका उन्हाळ्यात मेली. तळ कोरडा पडला की तिला जगता येत नाही. आमचे तळे आता कोरडे पडतच नव्हते.

वेलीने साळके झाकली. साळकांच्या पानांवर अंडी घालणारे कमळपक्षी त्या वर्षी घरटे न करताच गेले. उभ्या भिंतीमुळे उथळ काठ उरला नव्हता, त्यामुळे वंचक आणि शराटी आधीच दिसेनासे झाले होते. बेडूक आणि कासव पाण्यात पडले की भिंत चढता येत नसे. सकाळी फिरायला येणारी मुले त्यांना झाऱ्याने बाहेर काढत. लहान मुलांना ज्याची कळवळ आली ते आराखड्यात कोणाला सुचले नव्हते.

तिसरी गोष्ट घडली तिसऱ्या वर्षी, मेच्या शेवटच्या आठवड्यात. चार दिवस आभाळ भरलेले, वारा पडलेला, मग रात्री एक जोराची सर. पहाटे बाग उघडणाऱ्या माणसाने मला हाक मारली. "गुरुजी, लवकर या." पूर्ण काठाने मासे तोंड वर करून होते, काही उलटे झाले होते. सूर्य वर येईपर्यंत बहुतेक मेले.

गावात विषाची कुजबुज सुरू झाली. एका घरावर संशयही घेतला गेला. म्हणून मी त्या संध्याकाळी देवळात बसून जे समजावले तेच इथे लिहितो. पाण्यातला प्राणवायू दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती तयार करतात, रात्री त्याच वनस्पती, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ मिळून तो खातात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी. आभाळ भरलेले असेल तर दिवसाची कमाई नाही, खर्च मात्र तोच. वर वेलीचे झाकण, त्यामुळे हवेतून काही मिळत नाही. तळाशी तीन वर्षांचा गाळ, प्राणवायू संपलेला. रात्रीच्या थंड सरीने वरचे पाणी खाली गेले आणि तळाचे निर्जीव पाणी वर आले. लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की बहुतेक माशांचा जीव घुसमटतो. विषाची गरजच नाही.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे आणि ती आमच्या मातीची आहे. जांभ्याची माती लोहाने भरलेली. प्राणवायू असेपर्यंत हे लोह पाण्यातले स्फुरद, म्हणजे फॉस्फेट, धरून ठेवते, गाळात बांधून टाकते. तळाशी प्राणवायू संपला की लोहाचे रूप बदलते, पकड सुटते आणि बांधलेले स्फुरद पाण्यात येते. तेच शेवाळाचे आणि वेलीचे खत. वेल वाढते, कुजते, प्राणवायू आणखी संपतो, आणखी स्फुरद सुटते. बाहेरून एक थेंब सांडपाणी आले नाही तरी हे चक्र चालू राहते. ते तोडायचा सोपा मार्ग म्हणजे तळ उघडा करून उन्हात आणि वाऱ्यात ठेवणे. लोह पुन्हा गंजते, स्फुरद पुन्हा बांधले जाते. मे महिन्यातला तडकलेला तळ हा तळ्याचा वर्षातला एक श्वास होता.

चौथी गोष्ट बांधाची, आणि मला सर्वांत जास्त भीती तिचीच वाटली. बांधाच्या खालच्या पायाशी ओल दिसू लागली. पदपथाचा पाया खणताना बांधाच्या पोटातल्या चिकणमातीला धक्का लागला असावा. माथ्यावर लावलेल्या झाडांची मुळे बांधात उतरत होती. मूळ मेले की त्याच्या जागी नळी राहते आणि पाणी त्या नळीने वाट काढते. मातीच्या धरणावर झाडे वाढू देऊ नयेत हा नियम जलसंधारणाच्या प्रत्येक माणसाला पाठ असतो. जुन्या लोकांनी तिथे फक्त गवत आणि केगद ठेवली होती. आणि तळे आता वर्षभर भरलेले, म्हणजे बांधावर बारा महिने पूर्ण दाब. त्याची तपासणी करायला एकही कोरडा महिना नाही. खाली वस्ती आहे.

तळे कोणाचे

मासे मेल्यावर सगळे पंचायतीकडे गेले. पंचायत म्हणाली, बाग आमच्या ताब्यात, तळे नाही. ज्या खात्याने काम केले त्याने हस्तांतराचा कागद दाखवला. मग कोमुनिदाद.

गोव्यात २२३ कोमुनिदादी आहेत. गावची जमीन गावकऱ्यांच्या संस्थेची, तिच्यातून बांध, पाट, देऊळ यांचा खर्च, ही रीत पोर्तुगीजांच्याही आधीची. त्यांनी ती कायद्यात बांधली. शेवटची संहिता १९६१ च्या एप्रिलमधली, मुक्तीच्या आठ महिने आधीची. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि पुढच्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्याला जमीन दिली. हे न्यायाचे होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझे आजोबा कूळ होते. पण कोमुनिदादीचे उत्पन्न ज्या शेतांतून येई ती शेते गेली, आणि बांधाची जबाबदारी कूळ संघांकडे आली. खाजनात पुष्कळ ठिकाणी हे संघ आजही मानशीची पावणी करतात. आमच्याकडे संघ कागदावर होता. शेवटची सभा कधी झाली ते आठवणारा सदस्यही सापडेना.

म्हणजे तळ्याला दोन मालक, एक ताबेदार, आणि फळ्या बसवणारा कोणीच नाही. बागेला मात्र माळी होता, पगारी.

कायद्याकडेही पाहिले. २०१७ च्या पाणथळ नियमांत अधिसूचित पाणथळीच्या काठापासून, म्हणजे गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून, पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही, बोटीचा धक्का सोडून. वाचून आशा वाटली. मग व्याख्या वाचली. सिंचनासाठी खास बांधलेल्या रचना तिच्यातून वगळल्या आहेत. आणि मनोरंजनासाठी बांधलेल्याही. आमचे तळे शेतीचे म्हणून बाहेर, आता बागेचे म्हणूनही बाहेर. २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या दोन लाखांवर पाणथळींना संरक्षण दिले, पण आमचे तळे तेवढे मोठे नाही. गावोगावची बहुतेक लहान तळी अशीच या दोन चाळण्यांतून खाली गळतात. ज्यांना माणसांनी बांधले त्यांचे रक्षण माणसांनीच करावे, असे कायदा न बोलता सांगतो.

तरी वाट बंद नाही. कुडचड्याचे नंदा तळे शेतीशी बांधलेले, त्याचे पाणी अडवून खाली भात पिकते. ते ४२ हेक्टरांचे पाणी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेले, गोव्यातले पहिले. तिसवाडीतले करमळीचे तळे सुमारे ७० हेक्टरांचे, माणसांनी बांधलेले, उन्हाळ्यात त्याच्या पोटात भात लावतात, बाजूने कोकण रेल्वे जाते, आणि हिवाळ्यात तिथे अडई बदके थव्यांनी उतरतात. पक्षी येतात ते पाणी चढते-उतरते म्हणून. ग्रामसभेत मी ही दोन नावे पुन्हापुन्हा घेतली.

ग्रामसभा

तीन सभा झाल्या. पहिली भांडणात गेली.

दुसऱ्या सभेत मी दार उघडण्याचा प्रस्ताव मांडला आणि विरोध जिथून येईल असे वाटले नव्हते तिथून आला. विहिरींकडून. तळ्याच्या वरच्या वाड्यातल्या बायका म्हणाल्या, तळे वर्षभर भरलेले राहू लागल्यापासून आमच्या विहिरींना मे महिन्यात पाणी असते. "भाऊ, तुमचे मासे आणि पक्षी खरे, पण घागर आम्ही भरतो." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी दोन आठवडे त्या वाड्यातल्या विहिरींवर रोज संध्याकाळी दोर सोडून पाणी मोजले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. पातळी खरोखर वर होती. त्यांचा आग्रह नसता तर आम्ही एका टोकाची चूक दुसऱ्या टोकाच्या चुकीने दुरुस्त केली असती.

तोड त्यातूनच निघाली. कोंडीतला गाळ काढून ती पूर्वीपेक्षा खोल करायची आणि तिच्यात पाणी राहावे म्हणून खालच्या फळ्या काढायच्या नाहीत. म्हणजे मेमध्ये तळ्याचा साधारण एक-तृतीयांश भाग पाण्याखाली राहील, विहिरींच्या अंगाचा. उरलेला तळ दरवर्षी उघडा पडेल. खोल कोंडीने मासळीचे बीही टिकेल.

आबा त्या सभेला आले नव्हते, आजारी होते. त्यांचा नातू आला. त्याने घरच्या माळ्यावरच्या जुन्या फळ्यांची मापे एका वहीत लिहून आणली होती, खाचांच्या अंतरासह. ती वही तिसऱ्या सभेत ठरावाला जोडली गेली.

दुरुस्ती

काँक्रीट फोडायला परवानगी मिळण्यातच एक पावसाळा गेला. त्यावर जास्त लिहीत नाही. फोडले तेव्हा आत जुन्या मानशीचे चिऱ्याचे खांब जसेच्या तसे मिळाले, खाचांसह. नवी चौकट त्यांच्याच मागे बसवली. फळ्या लाकडी ठेवल्या, कारण एकेक काढता येणे हाच तिचा सगळा अर्थ आहे.

भिंत सगळी पाडणे परवडणारे नव्हते. ओहोळ जिथे तळ्याला मिळतो त्या अंगाची पाडली आणि तिथे चिऱ्याचा सौम्य उतार केला. तेवढा काठ पुन्हा तळ्याला मिळाला. पदपथ बांधाच्या माथ्यावरून काढून वरच्या रस्त्याच्या कडेने वळवला, त्यामुळे फेरी थोडी लांबली. वहिनींची तक्रार नाही. बांधावरची झाडे तोडताना वाद झाला. लहान मुलांनी लावलेली होती ती. तोडण्याऐवजी जी हलवता आली ती बागेत हलवली, सगळी जगली नाहीत. बांधावर पुन्हा गवत आणि केगद. चवथीचे विसर्जन वेगळ्या कुंडात, तळ्यापासून दूर. कारंजे बंद आहे आणि ते बंदच असावे. झोपाळे, बाक, दिवे सगळे जागच्या जागी.

गाळाचे काय करायचे यावर मी अडून बसलो. वरच्या डंपची बारीक माती त्यात मिसळलेली होती, आणि तशी माती शेतात पसरली की चिखल घट्ट होतो, भाताची मुळे गुदमरतात. डिचोलीच्या शेतकऱ्यांनी हे खाणींच्या काळात भोगले आहे. नमुने माती परीक्षणाला देऊन अहवाल आल्यावरच वाटप करायचे ठरले. कोंडीकडचा गाळ शेतासाठी नाकारला, तो बागेच्या मागच्या खड्ड्यात भरला. ओहोळाच्या बाजूचा कुळागरांनी नेला.

गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तळ उघडा पडला. वेल काठाला वाळून पिवळी पडली, मग तपकिरी झाली. कोंडीत थोडी उरली होती, ती आम्ही हाताने काढली, तुटू न देता, सकाळच्या वेळी, बागेत फिरायला येणाऱ्यांनीच. काहींनी चपला काढून पाण्यात उतरून काढली. बांधाच्या आतल्या अंगाला दोन ठिकाणी हात जाईल एवढी बिळे सापडली. ती चिकणमातीने ठासून बुजवली. ती बिळे आणखी दोन पावसाळे पाण्याखाली राहिली असती तर काय झाले असते, याचा विचार मी रात्री झोपताना अजून करतो.

वायंगण यंदा चार घरांनी केले. पूर्वीच्या मानाने थोडेच. त्यांतले एक घर आबांच्या नातवाचे. कूळ संघाची निवडणूक झाली आहे, पण मासळीच्या पावणीचे पैसे संघाकडे जावेत की पंचायतीकडे, हा प्रश्न मामलेदारांपुढे आहे. विहिरींचा दोर मी दर पंधरवड्याला सोडतो आणि आकडे बागेच्या फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहितो. वरच्या वाड्यातल्या बायका ते वाचतात. एप्रिलात एका विहिरीचे पाणी गेल्या वर्षाहून खाली गेले, म्हणून ठरलेल्या वेळेच्या आधीच एक फळी पुन्हा चढवली.

जुलैत मानस उघडी होती. लाल पाणी बांधाच्या पोटातून धडधडत खाली जात होते आणि पुलावर छत्र्या घेऊन उभी राहिलेली मुले त्यातून वर उड्या मारणारे चढणीचे मासे मोजत होती. आबांना आम्ही खुर्चीवर बसवून तिथे आणले होते. ते बराच वेळ पाहत राहिले. मग नातवाला म्हणाले, खालून दुसरी फळी जरा वाकलेली आहे, चवथीआधी ती बदल.